पूर्वीचा आजार : काही नाही

सावळीराम पगारे आणि माझं कधीच पटलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी त्यांची बाजू घेतोय असं कोणाला वाटायला नको.

आम्ही दोघं नाशिकला पाटबंधारे खात्याच्या एका कचेरीत ट्रेसर होतो. इंजिनिअरांनी पेन्सिलीनं काढलेले कालव्यांचे नि बंधाऱ्यांचे नकाशे पारदर्शक कापडावर काळ्या शाईनं उतरवायचे, हे आमचं काम. आमची टेबलं शेजारी शेजारी. पगारेंचं अक्षर अख्ख्या कचेरीत सगळ्यांत सुंदर होतं आणि जीभही सगळ्यांत कडवट. शिवी त्यांनी कधी दिली नाही, पण सोडलंही कोणाला नाही. एकदा साहेब ‘अरे पगारे’ म्हणाले, तर भर मीटिंगमध्ये उठून, “अहो पगारे म्हणा, मी आपल्या घरचा गडी नाही,” असं सुनावलं. नळाला पाणी उशिरा आलं की अर्ज, रेशनच्या साखरेत खडे निघाले की अर्ज. तेही नकाशावर गावांची नावं घालावीत तशा ठाशीव अक्षरांत.

त्यांच्या रागाला कारणं नव्हती असं नाही. कचेरीत त्यांचा चहाचा कप वेगळा ठेवलेला असायचा. बौद्ध माणसाचा कप वेगळा, हे कोणी बोलून दाखवत नसे, पण कप मात्र खिडकीतच असायचा. मला ते दिसत होतं. तो तिथे कोणी ठेवला, हे मी कधी विचारलं नाही.

एकोणऐंशी सालच्या ऑक्टोबरात एका नव्या कालव्याच्या पाहणीसाठी आम्हा दोघांना नकाशे घेऊन पेठकडे पाठवलं. चार दिवस डोंगरात चालणं, मुक्काम एका शाळेच्या व्हरांड्यात. तिसऱ्या दिवशी उतारावर पगारेंचा पाय घसरला आणि नडगीला दगडाची धार लागली. त्यांनी रुमाल बांधला आणि काम चालू ठेवलं. परत येईपर्यंत पाय सुजला होता, जखमेत पू झाला होता.

“आमच्या डॉक्टरांकडे चला,” मी म्हटलं. डॉक्टर शेंड्ये माझे जुने. माझ्या बायकोची दोन्ही बाळंतपणं त्यांच्याच दहा खाटांच्या हॉस्पिटलात झाली होती. पगारे कुरकुरत आले. डॉक्टरांनी जखम धुतली, पट्टी केली, आणि कंपाउंडरनं कागदाच्या पुडीत पांढऱ्या गोळ्या बांधून दिल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक.

तिसऱ्या दिवशी पगारे कामावर आले नाहीत. दुपारी त्यांची बायको मैना कचेरीच्या फाटकाशी उभी. नाशिक रोडला बालवाडी चालवायची ती, शिकलेली, धिटाईनं बोलणारी बाई. पण त्या दिवशी तिचा आवाज चिरकला होता.

“बोरस्ते भाऊ, तुमच्या डॉक्टरांच्या गोळ्या घेतल्या आणि यांना ताप भरला. डोळे लाल झालेत, तोंड आलंय. पाणीसुद्धा गिळवत नाही. चला तुम्ही.”

रिक्षात घालून आम्ही त्यांना हॉस्पिटलात आणलं. ओठ सुजून फुटले होते, वर रक्ताच्या खपल्या. छातीवर लाल चट्टे उठले होते आणि त्यांच्या मधोमध काळपट डाग. डोळे चिकटून गेले होते. कचेरीतला सगळ्यात बोलका माणूस, त्याच्या घशातून नुसता घरघर आवाज येत होता.

डॉक्टर शेंड्ये आले. टॉर्च मारून तोंड बघितलं, नाक मुरडलं. मग एक कोरा कागद नि पुठ्ठा पगारेंच्या पुढ्यात टाकला.

“बोलता येत नाही ना? लिहून द्या. पूर्वी काही मोठा आजार?”

पगारेंनी खिशातलं पेन काढलं. डोळे किलकिले करून लिहिलं, ‘पूर्वीचा आजार : काही नाही.’

“लहानपणी? त्वचेचं काही?”

‘काही नाही.’ या खेपेला खाली रेघ ओढली.

“दारू?”

‘नाही.’

“खरं सांगा हं. तुमच्या वस्तीत सगळेच घेतात.”

पगारेंनी आधीच्या ‘नाही’वर बोट ठेवलं.

“आणि बाहेर जाता का? बायांकडे?” आवाज खाली आणायचीही गरज डॉक्टरांना वाटली नाही. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ वर्तमानपत्र खाली करून बघायला लागले. मैना खाटेला लागून स्टुलावर बसली होती. तिनं स्टूल थोडं मागे सरकवलं. वीतभरच, पण पगारेंना ते कळलं.

‘नाही’ लिहिताना पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं.

“मेलेल्या जनावराचं खाणं अजून चालतं का तुमच्यात?”

आता मात्र पगारे उठून बसले. सावकाश, एकेक अक्षर मोजून पुठ्ठ्यावरच लिहिलं आणि तो डॉक्टरांच्या हातात दिला. मी वाकून वाचलं. ‘शेजारच्या खाटेवरील गृहस्थांना आपण हा प्रश्न विचारला होता काय?’

डॉक्टरांचा चेहरा तापला. “मला शिकवू नका. असली तोंडं कशानं येतात ते मला ठाऊक आहे.” ते नर्सकडे वळले. “रक्त तपासायला पाठवा. पाय अजून चिघळतोय, गोळ्या चालू ठेवा. गिळता येत नसेल तर कुटून पाण्यातून द्या.”

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. मला सगळं ऐकू आलं. मी जिन्याकडे निघालो.

बाहेर जिन्याजवळ मैनानं मला गाठलं. “भाऊ, खरं सांगा. पेठला तुम्ही कुठं राहिला होता?”

“शाळेत.”

“चारही दिवस?”

“चारही दिवस. दोघं एकाच सतरंजीवर.”

तिनं मान हलवली, पण तिला पटलं नव्हतं. त्या एका प्रश्नानं डॉक्टरांनी तिच्या मनात काय पेरलं होतं, ते मला तिच्या डोळ्यांत दिसत होतं. परत आत गेल्यावर ती नवऱ्याच्या उशाशी बसली नाही, खिडकीत जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पगारेंची आई आली. विठाबाई. निफाडकडच्या खेड्यातून एस्टीनं, हातात भाकरीचं गाठोडं. मुलाचं तोंड बघून तिनं गाठोडं तिथंच टाकलं.

“आगं माय! परत झालं का हे!”

डॉक्टर नेमके फेरीवर होते. “परत म्हणजे?”

“बोर्डिंगात व्हता तवा असंच तोंड सोललं व्हतं याचं. व्हट फुटलं, डोळं चिकाटलं. अंगाची सालं निघाली...”

पगारेंनी उशीवरून हात उचलून जोरजोरात हलवला. गप्प, गप्प. म्हातारी थांबेना. तेव्हा त्यांनी पुठ्ठा ओढला आणि लिहिलं, ‘आईला बाहेर काढा.’

डॉक्टरही वैतागलेच होते. “आजी, कांजिण्या आल्या असतील लहानपणी. उगाच गोंधळ घालू नका. बाहेर बसा बघू.”

पगारे आणि कोणी वरचढ माणूस एखाद्या गोष्टीवर एकमतानं वागल्याचं मी पहिल्यांदाच बघत होतो. दोघांनी मिळून म्हातारीला खोलीबाहेर घालवलं.

पण मैना तिच्या मागोमाग गेली. व्हरांड्यातल्या बाकावर सासूला बसवलं, पाणी दिलं आणि विचारायला सुरुवात केली. बालवाडीतल्या पोराशी बोलावं तसं, घाई न करता, पण एक धागा सुटू न देता. मी जवळच उभा होतो.

“किती वर्षांचे होते तेव्हा?”

“सातवीला व्हता. बारा वर्सांचा आसंल.”

“आधी काय झालं होतं? एकदम तोंड आलं?”

“नाय, नाय. आधी हगवण. समद्या बोर्डिंगच्या पोरांना लागली व्हती. इहिरीचं पाणी नासलं व्हतं.”

“मग औषध दिलं का कोणी?”

“दिलं की. सरकारी मान्सं आली, समद्यांना पांढऱ्या गोळ्या वाटल्या. खडूवानी लय मोठाल्या. बाकीची पोरं बरी झाली. याचं मातुर दुसऱ्या दिशी तोंड आलं.”

“पुढं?”

विठाबाई पदर चावायला लागली. मग हळू आवाजात बोलली. बोर्डिंगच्या रेक्टरनं बघितलं आणि महारोग आहे म्हणून जाहीर केलं. ताट आधीपासून वेगळंच होतं. आता पोराला अंथरुणासकट बाहेर काढलं. आठ दिवस ते पोर आवारातल्या लिंबाखाली पडून होतं. पोरं लांबून खडे मारायची. निरोप मिळाल्यावर बाप खांद्यावर घालून घेऊन आला. घरी महिन्याभरात कातडी नवी आली, महारोग वगैरे काही नव्हता. पण परत त्या बोर्डिंगात जायला पोर तयार होईना. त्यानं आईकडून शपथ घेतली, हे कोणापाशी बोलायचं नाही. नोकरी लागताना नाही, लग्न जमवताना नाही.

मैना उठली. आत नर्स चमच्यात गोळी कुटत होती. मैनानं तिच्या हातातली वाटी सरळ काढून घेतली.

“ही गोळी यांना द्यायची नाही.”

“डॉक्टरांनी सांगितलंय बाई.”

“मग डॉक्टरांना बोलवा.”

शेंड्ये तरातरा आले. “काय तमाशा आहे? हॉस्पिटल माझं आहे का तुमचं?”

मैना खाटेच्या आडवी उभी राहिली. वाटी तिनं सोडली नव्हती. “डॉक्टर, माझं ऐकून घ्या आणि मग हाकला. चोपन्न साली यांना हगवणीवर पांढऱ्या मोठ्या गोळ्या दिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी असंच तोंड आलं, डोळे आले, कातडी गेली. गोळ्या बंद झाल्यावर बरं वाटलं. आता तुमची पहिली गोळी मंगळवारी सकाळी घेतली. मंगळवारी रात्रीच ओठ चुरचुरायला लागले होते. मला म्हणाले, मिरची लागली असेल. आता सांगा.”

डॉक्टरांनी वाटीत डोकावलं. “हगवणीवर? चोपन्न साली?” ते स्वतःशीच पुटपुटले. “म्हणजे सल्फाच देत असणार. आपल्याही गोळ्या त्याच.” खाटेला लटकवलेला तक्ता काढला. गोळ्यांच्या ओळीवर काट मारली, दुसरी काट मारली. नर्सला भराभर सांगितलं. सलाइन लावा, दुसरं इंजेक्शन आणा, डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करा. आणि मग पगारेंचा कालचा कागद त्यांच्या नाकासमोर नाचवला.

“हे कोणी लिहिलंय? काही नाही, काही नाही! खाली रेघ मारून! तुमच्या या खोटेपणानं जीव गेला असता तर माझ्या नावानं बोंब मारायला तुम्ही लोक मोकळे.”

पगारेंनी नवा कागद घेतला. ‘एखादे औषध सोसत नाही काय, हे आपण एकदाही विचारले नाही.’

शेंड्यांनी तो वाचला, चुरगाळला आणि कोपऱ्यातल्या टोपलीत फेकला. पहिला कागद मात्र घडी करून फायलीत ठेवला.

ते गेल्यावर मैना नवऱ्याकडे वळली. मला वाटलं आता रडेल. पण ती तडकलेली होती.

“अकरा वर्षं झाली लग्नाला. मी काय, महारोग ऐकून पळून जाणारी वाटले तुम्हाला? आणि काल त्या माणसानं बायांचं विचारलं, तेव्हा मी रात्रभर काय काय मनात आणलं, माहीत आहे? तुम्ही एक ओळ लिहिली असती तर...”

पगारेंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तिनं त्यांच्या ओठांवर ओला बोळा धरला. पुढचे कित्येक दिवस ती त्यांचं सगळं करत होती आणि बोलत नव्हती.

तीन आठवड्यांनी पगारे घरी गेले. कातडी सापाच्या कातीसारखी निघून नवी आली. पण डाव्या बुबुळावर फूल पडलं. उजव्या डोळ्यावर ताण द्यावा तर त्यातून पाणी गळायचं. ट्रेसरला डोळा गेला म्हणजे हात गेल्यासारखंच. दोनच महिन्यांत त्यांना नकाशांवरून काढून आवक-जावक विभागात बसवलं. तिथं टपालावर शिक्के मारायचे. ज्या हातानं गोदावरीचे फाटे केसाएवढ्या रेषेत काढले होते, तो हात दिवसभर शिक्का आपटत बसला.

त्यांनी अर्ज केला नसता तरच नवल. मुंबईला वैद्यक परिषदेकडे डॉक्टरांविरुद्ध तक्रार धाडली. डॉक्टरांनी औषधाबद्दल विचारलं नाही, जातीवरून प्रश्न केले, लक्षणं दिसत असताना तेच औषध चालू ठेवलं. चौकशीचं पत्र आलं, साक्षीदार कोण ते कळवा म्हणून. ते पत्र घेऊन पगारे माझ्या टेबलाशी आले.

“बोरस्ते, तुम्ही हजर होतात. जे ऐकलं तेवढंच लिहून द्या. जास्त एक शब्द नको.”

मला सगळं आठवत होतं. दारू विचारली, बाया विचारल्या, मांस विचारलं. औषधाचं विचारलं नाही. पण डॉक्टर आमच्या घरचे. माझ्या बायकोला पुन्हा दिवस गेले होते.

“मी बाजूला होतो पगारे,” मी म्हटलं. “नीट ऐकू आलं नाही.”

ते पत्राची घडी करायला लागले. डाव्या डोळ्यातलं ते पांढरं फूल माझ्यावर रोखलेलं.

“ऐकू आलं नाही,” ते म्हणाले, “बरं.” आणि गेले.

डॉक्टरांनी उत्तरादाखल तो पहिला कागद जोडला. ‘पूर्वीचा आजार : काही नाही.’ खाली रेघ, आणि अक्षर इतकं देखणं की कोणी शंका घेऊ नये. तक्रार फेटाळली गेली. त्यानंतर पगारे माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. जिन्यात समोर आलो तर भिंतीला लागून उभे राहायचे, मी जाईपर्यंत. चहाचा कप मात्र त्यांनी स्वतःच्या हातानं खिडकीतून उचलून बाहेर फेकला. त्याचा अर्ज केला नाही.

त्यांना मी शेवटचं नीट बघितलं ते शहाऐंशी साली. मला खोकल्याची तक्रार होती, म्हणून नाशिक रोडच्या एका दवाखान्यात गेलो होतो. बाकांवर चाळीसेक माणसं. पगारे माझ्या पुढे दोन नंबरांवर होते. आतला डॉक्टर तरुण होता, घाईत होता आणि दार सताड उघडं होतं.

“काय होतंय?”

“ते नंतर,” पगारेंचा आवाज पार बाहेरपर्यंत आला. “आधी हे लिहून घ्या. मला सल्फा चालत नाही.”

“कोणी सांगितलं? कागद आहे काही?”

“मी सांगतोय. कागदांनी माझं भलं केलेलं नाही.”

“बाबा, रोज दहा माणसं येतात, हे सोसत नाही, ते सोसत नाही. कोणाला ॲसिडिटी होते, त्यालाही ॲलर्जी म्हणतात. नेमकं काय झालं होतं?”

मला वाटलं आता भांडण पेटणार. थोडं पेटलंही. “ॲसिडिटी?” पगारे ओरडले. “हा डोळा बघा! ॲसिडिटीनं गेला का हा?” पण मग ते खुर्चीत नीट बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. क्रमानं. चोपन्न साल, हगवण, गोळ्या, दुसऱ्या दिवशी तोंड. रेक्टर, लिंबाचं झाड, पोरांनी मारलेले खडे. एकोणऐंशी साल, पाय, गोळ्या, त्याच रात्री ओठ. आवाज खाली आणला नाही. बाकांवरची चाळीस माणसं ऐकत होती. एक म्हातारा ‘महारोग’ शब्द ऐकून बाकावरून सरकला. पगारेंनी दारातून त्याच्याकडे बघितलं आणि तो शब्द पुन्हा एकदा, आणखी मोठ्यानं म्हटला.

तरुण डॉक्टर आता लिहीत होता. दोनदा थांबून उलट विचारलं, किती गोळ्यांनंतर, ताप आधी की चट्टे आधी. मग लाल पेन काढून केसपेपरच्या माथ्यावर काहीतरी इंग्रजीत लिहिलं.

“मराठीतही लिहा,” पगारे म्हणाले.

“कशाला? डॉक्टरांना इंग्रजी येतं.”

“मी बेशुद्ध असलो तर डॉक्टरशी भांडणार माझी बायको. तिला वाचता आलं पाहिजे. आणि अर्धवट अक्षरांत नको, ठळक लिहा.”

“तुम्ही फारच त्रास देता हो,” डॉक्टर म्हणाला, पण लिहिलं.

पगारे बाहेर आले. मी उठून नमस्कार केला. त्यांनी तो घेतला नाही. केसपेपर खिशात सरकवून, उजव्या डोळ्याचं पाणी बाहीला पुसत ते रस्त्याला लागले.

माझा नंबर आला. डॉक्टरचा पारा अजून उतरला नव्हता. “नाव? वय? काही औषधाची ॲलर्जी?”

‘नाही’ तोंडात आलंच होतं. मग एकदम लहानपणचं एक इंजेक्शन आठवलं. त्यानंतर घरात झालेली धावपळ, कोणीतरी माझे तळपाय चोळत होतं, आई मोठ्यानं देवाचं नाव घेत होती. कशाचं इंजेक्शन, किती वर्षांचा होतो, काहीच ठाऊक नव्हतं.

“मला नक्की माहीत नाही,” मी म्हटलं. “आईला विचारावं लागेल. ती गावाला असते.”

“मग विचारून या ना! इथं कशाला वेळ खाता?” त्यानं केसपेपर माझ्याकडे ढकलला. “चला, पुढचा!”

मी दुसऱ्या दिवशी पहिल्या एस्टीनं गावी गेलो.